आपली हरकत तर नाही ना?

चिरूट ओढणाऱ्या माणसाला एक प्रश्न वारंवार विचारावा लागतो, आणि मी तो सुमारे वीस वर्षे विचारीत आलो. खिशातून चिरूट काढावयाचा, तो बोटांत धरून क्षणभर थांबावयाचे, बसलेल्या मंडळींकडे सस्मित मुद्रेने पाहावयाचे आणि म्हणावयाचे, "आपली हरकत तर नाही ना?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "छे, छे, खुशाल ओढा!" ह्या वीस वर्षांत "होय, हरकत आहे" असे उत्तर मला फार तर दोन वेळा मिळाले असेल. त्यांपैकी एक इंदूरला एका स्नेह्याच्या घरी त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने दिले, आणि त्याबद्दल तिच्या आईने तिला तेथल्या तेथे दटावले. मी मोठ्या मनाने हसलो, "राहू द्या, लहान आहे," असे म्हणालो, आणि ओसरीवर जाऊन चिरूट पेटविला. त्या वेळी माझ्या सौजन्याचे सर्वांनी कौतुक केले. मुलीचे कोणीच केले नाही.

ज्या प्रश्नाचे एकच उत्तर सभ्यपणात बसते, त्याला प्रश्न म्हणावे काय, ही शंका मला फार उशिरा आली. ती आल्यापासून मात्र मन स्वस्थ नाही. चिरुटाचा विषय क्षुल्लक आहे, आणि एका व्यसनाची चर्चा सुसंस्कृत वाचकांपुढे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु एका माणसाचे सुख दुसऱ्याच्या श्वासात शिरते तेव्हा त्या दोघांचा परस्परांशी काय व्यवहार असावा, हा प्रश्न लहान नाही. चिरूट हे त्याचे केवळ सोयीचे उदाहरण होय.

उदाहरण म्हणून तो सोयीचा अशासाठी की धूम्रपानाच्या सर्व प्रकारांत शिष्टाचाराचा एवढा थाट दुसऱ्या कशालाच नाही. विडी ओढणारा विडी ओढतो आणि टाकतो. चिरुटाचे तसे नाही. त्याचे टोक दातांनी तोडून थुंकावयाचे नाही, कात्रीने बेताने कापावयाचे. पेटविताना ज्योत त्याला भिडू द्यावयाची नाही. राख दर झुरक्यास झटकावयाची नाही, आपोआप गळू द्यावयाची. शेवटी थोटूक चिरडावयाचे नाही, कारण चिरडल्यास फार उग्र वास सुटतो. ते रक्षापात्रात ठेवून द्यावे, म्हणजे स्वतःच विझते. हे सारे नियम मी निष्ठेने पाळले. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की ह्यांतील बहुतेक नियम चिरुटाची आणि चिरूट ओढणाऱ्यांची काळजी घेतात. जो ओढीत नाही त्याच्या वाट्याला ह्या संपूर्ण संहितेतील एकच कलम येते, आणि ते म्हणजे वर सांगितलेला प्रश्न.

पूर्वीचे लोक ह्या बाबतीत अधिक विचारी होते असे म्हणण्यास जागा आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गृहस्थ जेवणानंतर चिरूट ओढावयास वेगळ्या खोलीत जात. तेथे जाताना अंगावर खास जाड कोट चढवीत, डोक्यास टोपी घालीत, आणि पुन्हा स्त्रियांत येऊन बसण्यापूर्वी ते दोन्ही उतरवीत, हेतू हा की कपड्यांस व केसांस लागलेला वास दिवाणखान्यात येऊ नये. आज तो कोट केवळ डौलाची वस्तू म्हणून ओळखला जातो. मुळात ती दुसऱ्याच्या नाकाची केलेली कदर होती. रेल्वे आली तेव्हा त्यांच्या पार्लमेंटने १८६८ साली कायदाच केला की ज्या गाडीत एकेका वर्गाचे एकाहून अधिक डबे असतील, तेथे धूम्रपान करणाऱ्यांसाठी स्वतंत्र कप्पा ठेवावा. वेगळी खोली, वेगळा कोट, वेगळा कप्पा. ह्या व्यवस्थेत समोरच्याला "हरकत नाही ना" असे विचारून अडचणीत टाकण्याचा प्रसंगच येत नसे.

तसा प्रसंग आला म्हणजे थोरामोठ्यांची काय अवस्था होते, ह्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. याल्टा येथील परिषद आटोपून परतताना अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल हे दोघेही, तीन दिवसांच्या अंतराने, इजिप्तमध्ये सौदी अरबस्थानचे राजे इब्न सौद ह्यांना भेटले. रूझवेल्ट १४ फेब्रुवारी १९४५ रोजी सुएझ कालव्याच्या वाटेवरील ग्रेट बिटर सरोवरात एका युद्धनौकेवर भेटले. चर्चिल १७ तारखेस फय्यूमच्या सरोवराकाठच्या एका हॉटेलात. राजे आपल्या पंथाच्या आचाराप्रमाणे मद्य व तंबाखू वर्ज्य मानीत आणि आपल्यासमोर त्यांचे सेवन होऊ देत नसत. रूझवेल्ट सिगारेटशिवाय फार वेळ राहू न शकणारे. चर्चिल आणि चिरूट ह्यांची तर जोडीच जगाला ठाऊक.

रूझवेल्ट राजांसमोर सिगारेट ओढले नाहीत. त्या भेटीत दुभाषाचे काम करणारे अमेरिकेचे वकील विल्यम एडी ह्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तांतात लिहिले आहे की जेवणाकडे जाताना अध्यक्षांनी जहाजातील पाळणा मध्येच थांबविला, दोन सिगारेटी ओढून घेतल्या आणि मग ते राजांसमोर गेले. चर्चिल ह्यांनी काय केले ते त्यांनी स्वतःच आपल्या महायुद्धाच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या अखेरच्या खंडात सांगितले आहे. त्यांचे म्हणणे असे की त्या मेजवानीचे यजमान ते स्वतः होते. राजांच्या धर्मास तंबाखू व मद्य निषिद्ध असेल, तर त्यांच्या स्वतःच्या जीवनाचा नियम चिरूट व मद्य ह्यांना जेवणाआधी, जेवणानंतर आणि गरज पडल्यास जेवताना व मधल्या वेळी पवित्र विधी मानतो. आणि राजांनी ही भूमिका कृपापूर्वक मान्य केली.

हा प्रसंग मी तरुणपणी वाचला तेव्हा चर्चिलवर बेहद्द खूष झालो. त्यांत विनोद आहे, बाणेदारपणा आहे, आणि जहाजाच्या पाळण्यात लपून सिगारेट ओढणाऱ्याच्या तुलनेत सचोटीही आहे असे मला वाटले. जो माणूस जसा आहे तसा समोर येतो, तो लपविणाऱ्यापेक्षा बरा, हा युक्तिवाद तरुण मनास पटकन पटतो. पण आता तो प्रसंग आठवला म्हणजे मला शेवटचे वाक्य खटकते. राजांनी मान्य केले, हे आपल्याला कोण सांगते? ज्याच्या हाती चिरूट होता तो. राजे काय करू शकत होते? समोर एका साम्राज्याचा पंतप्रधान, मेजवानी त्याची, आणि दोन्ही देशांचे पुढील कित्येक वर्षांचे संबंध त्या टेबलावर ठेवलेले. अशा वेळी उठून जाणे किंवा तोंड वाकडे करणे हे राजांच्याच पाहुणेपणाला बट्टा लावणारे झाले असते. त्यांनी धूर सोसला. त्या सोसण्याला चर्चिल ह्यांनी संमती हे नाव दिले.

चर्चिल यजमान होते, म्हणून त्यांचा अधिकार, हाही मुद्दा मला आता उलटा वाटतो. पाहुण्याला आपण बोलाविलेले असते. तो आपल्या छपराखाली आहे म्हणूनच त्याला दुसरीकडे जाता येत नाही. शिवाय दोन नियमांची बरोबरी करताना त्यांनी एक गोष्ट नजरेआड केली. राजांचा नियम मोडला तर राजांचे जे जाणार होते ते पुन्हा भरून येण्यासारखे नव्हते; चर्चिल ह्यांचा नियम मोडला तर एका दुपारचा चिरूट संध्याकाळवर गेला असता. हक्कांची तुलना केली तर दोघे बरोबरीचे दिसतात. कोणाचे किती गेले असते, ही तुलना केली की ते बरोबरीचे राहत नाहीत. विनोदाची शक्ती अशी की तो पहिल्या तुलनेत आपल्याला गुंतवून दुसरी करूच देत नाही.

आपल्या भाषेत ह्या सर्व प्रकारास एक नेमका शब्द आहे, भीड. दाक्षिण्य म्हणजे दुसऱ्याचे मन राखण्याची स्वतःची इच्छा. भीड म्हणजे दुसऱ्याच्या समोर आपले मन बोलण्याची असमर्थता. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ज्याला लाभ होतो त्याने भिडेला दाक्षिण्य समजावे, हे तर फारच सोयीचे आहे. "भीड भिकेची बहीण" असे आपल्या वाडवडिलांनी म्हटले ते भिडस्त माणसाला शहाणे करण्यासाठी. भिडेचा फायदा उठविणाऱ्यासाठी तशी म्हण मला आढळली नाही.

तंबाखूचा उत्तर हिंदुस्थानातील प्रवेशही भिडेच्या दारानेच झाला, ही गोष्ट मोठी मजेदार आहे. अकबराचा वकील असदबेग विजापूरच्या दरबारी गेला होता. तेथे त्याने तंबाखू प्रथम पाहिली, आणि परत जाताना, सुमारे १६०४-०५ मध्ये, ती आणि तिच्याबरोबर रत्नजडित नळी असा नजराणा बादशहापुढे ठेवला. बादशहाचा वैद्य अस्वस्थ झाला. ह्या वस्तूचा उल्लेख आपल्या ग्रंथांत नाही, तेव्हा ती ओढू नये, असे त्याचे मत. अकबराने असदबेगाचे मन राखण्यासाठी थोडी तरी ओढली पाहिजे असे म्हणून नळी तोंडाला लावली आणि दोन-तीन झुरके घेतले. हा वृत्तांत असदबेगानेच लिहून ठेवला आहे. जिथे खुद्द बादशहाला आपल्या चाकराची भीड पडते, तिथे इतरांची काय कथा! असदबेगाने उरलेली तंबाखू सरदारांत वाटली आणि मागणी वाढत गेली. पुढे १६१७ साली जहांगीराने बंदीचे फर्मान काढले, त्याचा उपयोग काय झाला हे आपण सारे पाहतोच. विजापूरला तरी ती कोठून आली असेल? पोर्तुगीजांच्या जहाजांतून, म्हणजे बहुधा आपल्याच किनाऱ्यावरून. चिरूट हा शब्द मात्र आपल्या देशातला. तमिळमध्ये सुरुट्टु म्हणजे गुंडाळलेले. त्याचाच इंग्रजांनी चिरूट केला व पोर्तुगीजांनी शारूतु.

आपल्या समाजात धूम्रपानाची म्हणून जी एक मर्यादा पिढ्यान्पिढ्या पाळली गेली, तिच्याकडेही ह्या दृष्टीने एकदा पाहिले पाहिजे. वडिलांसमोर विडी ओढावयाची नाही. पन्नाशीचा मुलगाही वडिलांची चाहूल लागताच विडी पाठीमागे लपवी, आणि वडील सर्व काही जाणून खाकरत येत. ह्या लपंडावात गोडवा होता आणि मला त्याचा उपहास करावयाचा नाही. परंतु ही मर्यादा कोणासाठी होती? वडिलांसाठी, गुरूसाठी, सासऱ्यासाठी. तोच मनुष्य मांडीवर नातवंड घेऊन चिलीम ओढी, पत्नी खोलीत असता ओढी, गड्याच्या तोंडावर धूर सोडी, आणि त्यात मर्यादेचा भंग झाला असे कोणालाच वाटत नसे. धूर तोच होता. नाक बदलले की मर्यादा संपे. तेव्हा ही मर्यादा धुराची नव्हती, पायरीची होती. आदर वर चढत होता, खाली उतरत नव्हता. रूझवेल्ट ह्यांच्याविषयी मला आज आदर वाटतो, पण त्यांनीही जे केले ते एका राजासमोर केले, हे विसरता येत नाही. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळावयाचे नाही अशा माणसासमोर आपण काय करतो, ह्याची परीक्षा राजांच्या भेटीत होत नसते.

भिडेचे ओझे कोणी उचलावे, हा प्रश्न आपल्या कायदे करणाऱ्यांनाही पडलेला दिसतो, आणि त्यांनी दिलेली उत्तरे मोठी बोधक आहेत. इंग्रजी अमदानीतील १८९० च्या रेल्वे कायद्यात असे कलम होते की खास कप्पा सोडून इतर डब्यात सहप्रवाशांच्या संमतीवाचून जो धूम्रपान करील त्यास वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. पुढे स्वतंत्र भारतात १९८९ साली नवा रेल्वे कायदा झाला. त्यात लिहिले की डब्यातील दुसऱ्या कोणा प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करू नये, आणि दंड शंभर रुपयांपर्यंत. दंड वाढला, पण पहिल्या कायद्यात गप्प बसलेल्या प्रवाशाचे मौन नकार समजले जात होते, दुसऱ्यात ते होकार समजले गेले. पहिल्यात ओढणाऱ्याने विचारावयाचे. दुसऱ्यात सोसणाऱ्याने बोलावयाचे. खिडकीशी पदर नाकाला लावून बसलेली बाई बोलली नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तिची हरकत नव्हती. परक्या सरकारचा जुना कायदा ह्या एका बाबतीत अधिक माणुसकीचा होता, हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण लिहिले पाहिजे. अर्थात त्याच १९८९ च्या कायद्याने सबंध गाडीत वा तिच्या एखाद्या भागात धूम्रपान बंद करण्याचा अधिकार रेल्वेला दिला होता, हेही नमूद केले पाहिजे.

ह्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. गोव्याने १९९७ साली धूम्रपान व थुंकणे ह्यांना सार्वजनिक ठिकाणी मनाई करणारा स्वतःचा कायदा केला. १९९९ साली केरळच्या उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी घातली, २००३ साली केंद्राचा कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम देशभर लागू झाले. माझ्यासारखे चिरूटवाले त्या वेळी फार कुरकुरले. मला आज त्या भिंतीवरील पाट्यांचे एक मोठे पुण्य दिसते. ती पाटी भिडस्त माणसाच्या वतीने "नाही" म्हणते. ज्याला तोंडाने म्हणता येत नव्हते त्याचे म्हणणे तिने भिंतीवर लिहून टाकले, आणि कोणाचेही मन दुखविले नाही.

मधल्या काळात प्रश्नाचे स्वरूपही बदलले होते. माझ्या तरुणपणी तो वासाचा प्रश्न होता. कोणाला वास आवडे, कोणाला नावडे, आणि आवडीनिवडीवर फार तर क्षमा मागता येते. १९८१ साली हिरायामा ह्या जपानी संशोधकाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जपानातील स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची त्यांनी चौदा वर्षे नोंद ठेवली होती. ज्यांचे पती फार धूम्रपान करणारे, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. ह्या निष्कर्षावर वाद झाले, पण पुढील अभ्यासांनी त्याला बळकटी दिली. १९८६ साली अमेरिकेच्या प्रमुख आरोग्याधिकाऱ्यांनी दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्याला रोग होतो असे स्पष्ट सांगितले, आणि २००६ साली असेही सांगितले की अशा धुराची निर्धोक म्हणावी अशी मात्राच नाही. चिरुटाची गोष्ट तर अधिकच विचार करण्यासारखी. एका मोठ्या चिरुटात कधी कधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असते आणि तो तास-दीड तास जळू शकतो. ओढणारा बहुधा धूर छातीत घेत नाही. तो तोंडात घोळवून सोडून देतो. मी हे माझ्या प्रकृतीच्या समर्थनार्थ कित्येकदा सांगत असे. तो सोडलेला धूर कोठे जातो, हे सांगत नसे.

त्या ९१,५४० स्त्रियांपैकी किती जणींना त्यांच्या पतीने कधी "हरकत नाही ना" असे विचारले असेल? आणि विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

येथे दोन आक्षेप मला माझ्याच बाजूचे वाटतात, ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. वाचकांपैकी जे निपाणी-चिकोडीकडचे असतील ते म्हणतील की ज्या पानावर आमची घरे उभी राहिली, मुले शिकली, त्याची निंदा तुम्ही पांढरपेशांनी आरामखुर्चीत बसून करू नये. बरोबर आहे. हिरायामांचा अभ्यास निघाला त्याच १९८१ साली निपाणीचे तंबाखू पिकविणारे शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रास्त भावासाठी रस्त्यावर बसले होते, आणि गोळीबारात त्यांतील काहींचे प्राण गेले. त्यांच्या घामाविषयी एक शब्दही उणा बोलण्याचा मला अधिकार नाही. मी बोलतो आहे ते ओढणाऱ्याविषयी. पिकविणाऱ्याने कोणाला भिडेत घातलेले नाही.

दुसरा आक्षेप आपल्या देवळांच्या दारापर्यंत येतो. धूर आपणही करतोच की! धूप, ऊद, कापूर, उदबत्त्यांचे जुडगे, होमाचा धूर. गाभाऱ्याबाहेरच्या त्या कोंदट जागेत दम्याचा रोगी कधी उभा राहिलेला पाहिला आहे काय? तो काही बोलत नाही, कारण तेथे बोलणे म्हणजे देवाविषयी अनादर. धुपाचा आणि चिरुटाचा हेतू एक नाही हे मी जाणतो. पण छातीला हेतू कळत नाही. मी ज्या देवस्थानाचा महाजन आहे तेथे एका वृद्ध भटजींनी दोन वर्षांमागे आपण होऊन उदबत्त्या सभामंडपाबाहेर लावण्याची चाल पाडली, आणि त्याबद्दल कोणतेही भाषण केले नाही. आमच्याकडे राखणदाराला विडी ठेवण्याची चाल आहे, तिचे काय, असे एकाने थट्टेने विचारले. त्यावर भटजी म्हणाले की राखणदार उघड्यावर राहतो.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. फोंड्याकडील एका गावी माझी एक मावशी राहते. दर वर्षी जत्रेला मी बेळगावहून जातो तेव्हा दोन दिवस तिच्याकडे उतरतो. काका वारल्यापासून ती एकटीच. शेजारची एक लहान नात तिच्या सोबतीला येऊन राहते. रात्री जेवण झाले की ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून चिरूट ओढणे हा माझा परिपाठ होता. ओसरी म्हणजे घराचाच भाग. मधल्या खोलीचे दार तिच्यावर उघडते आणि त्या खोलीत देवघर. मी न चुकता विचारी, "मावशी, तुझी हरकत तर नाही ना?" आणि ती न चुकता म्हणे, "ओड रे बाबा, म्हाका कांय जायना." माझ्या चिरुटाला ती 'व्हडली विडी' म्हणे.

चार वर्षांपूर्वी मी पोहोचलो तो नेहमीपेक्षा थोडा लवकर. फाटक उघडले तोच आतून त्या पोरीचा मोठ्याने आवाज आला, "मामा आयलो, देवाचें दार धांप!" मी आत गेलो तेव्हा मावशी देवघराच्या दाराची कडी लावीत होती. मला पाहून ती हसली आणि पाणी आणावयास गेली. मी काही विचारले नाही. पोरीला मागाहून विचारले तेव्हा ती सहज म्हणाली की मामा आला म्हणजे देवाचे दार लावावयाचेच असते, वास आत जातो म्हणून. किती वर्षे, ते तिला सांगता येईना. तिला आठवते तेव्हापासून.

त्या रात्री मी ओसरीवर बराच वेळ न पेटविलेला चिरूट हातात धरून बसलो. मावशी खोटे बोलली नव्हती. "म्हाका कांय जायना," असे ती म्हणाली होती. मला काही होत नाही, एवढेच. मी तिची हरकत विचारली होती आणि तिने तिच्यापुरते उत्तर दिले होते. देवघराविषयी मी विचारले नव्हते. माझ्या निर्दोष शिष्टाचाराने त्या बाईला दर वर्षी दोन रात्री तिच्या देवांना दाराआड ठेवावे लागत होते. सांजवात लावून ती दार लोटत असणार, आणि मी बाहेर राख झटकावी की न झटकावी ह्याचे नियम पाळीत होतो. एका दारामागे एवढे घडत असता मला कधी त्याची चाहूलही लागली नाही, ह्याचे कारण मी प्रश्न इतक्या चांगल्या रीतीने विचारीत होतो की उत्तर ऐकण्याची गरजच उरली नव्हती.

पुढच्या वर्षी मी चिरूट नेले नाहीत. जेवण झाले, मी खुर्चीत बसलो, मावशी उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ गेला. मग तिने विचारले, "आयज कितें रे, विडी ना?"

खरे सांगितले असते तर ती ओशाळली असती; दाराची गोष्ट मला कळली हे तिला कळले असते. म्हणून मी म्हणालो की डॉक्टरांनी बंद करावयास सांगितले. डॉक्टरांनी तसे काही सांगितले नव्हते. "बरें जालें," मावशी म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली. बाहेर काळोख होता आणि देवळाकडून चौघड्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता, ती हळूच म्हणाली, "त्या वासान घरांत कोण तरी आसा अशें दिसतालें."

काका विडी ओढीत असत की नाही, हे मला आठवेना. ती मनापासून बोलत होती, की माझा चिरूट सुटला म्हणून मला बरे वाटावे ह्यासाठी बोलत होती, हे मी तिला विचारू शकलो नाही. तिचीही मला भीड पडली. मी नुसता "हं" म्हणालो. मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठली, आत गेली, आणि तिने देवघराची कडी काढली.